विसरलेल्या मलय सावलीबाहुल्या पुन्हा पडद्यावर कशा येतात

केलांतानमध्ये सावल्यांचा खेळ सुरू होण्याआधी एक ताट मांडतात. हळदीनं पिवळा केलेला चिकट भात, लाह्या, विड्याची पानं, सुपारी, कच्चे तांदूळ, अंडं, सुताचा धागा आणि शेजारी जळता ऊद. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे ताट फारसं परकं वाटणार नाही. ते काढून टाकलं तरी खेळ होतो. पडदा उजळतो, बाहुल्या नाचतात, पाहुणे फोटो काढतात. गेली तीसेक वर्षं असे बिनताटाचे खेळ भरपूर झाले आहेत. त्या ताटाबरोबर दुसरं काय काय उठून गेलं, हे कळलं की ही कला मागे का पडली आणि परत आणताना नेमकं काय करावं लागतं, हेही कळतं.

केलांतान हे मलेशियाच्या द्वीपकल्पातलं ईशान्येकडचं राज्य, थायलंडच्या सीमेला लागून. इथल्या खेळाला वायांग कुलित म्हणतात: वायांग म्हणजे सावली, कुलित म्हणजे चामडं. मलेशियात याचे चार प्रकार मानतात. केदाह आणि पर्लिसकडचा गेदेक, जोहोर-सलांगोरमध्ये जावामधून आलेल्या लोकांचा पुर्वो, आणि केलांतानचे दोन. त्यातला लोकांचा, गावजत्रेचा प्रकार म्हणजे वायांग कुलित केलांतान. जुनं नाव वायांग सियाम. दुसरा वायांग मलायू, म्हणजे दरबारी. त्याच्या बाहुल्या जावाच्या वळणाच्या, लांब नाकाच्या, दोन्ही हात हलणाऱ्या. त्यात सुनाई या सनईसारख्या वाद्याऐवजी रबाब हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजतं आणि गोष्टी बहुतेक जावाच्या राजपुत्र पांजीच्या. दरबारांचा आश्रय आटला तसा हा प्रकारही आटला. आज ‘विसरलेल्या बाहुल्या’ म्हणतात तेव्हा पहिला नंबर याचा लागतो. गावचा प्रकार मात्र तगून राहिला, म्हणून पुढचं बहुतेक त्याच्याबद्दल.

खोड आणि फांद्या

केलांतानच्या पडद्यावर रामायण चालतं, पण आपलं नव्हे. सेरी रामा, लक्सामाना, सीती देवी, हनुमान केरा पुतिह (पांढरं माकड) आणि महाराजा वाना, म्हणजे रावण. इथे सीती देवी ही महाराजा वानाचीच मुलगी आहे आणि हनुमान सेरी रामाचा मुलगा. नाकं मुरडण्याआधी हे लक्षात घ्यावं, की मुखपरंपरेनं आलेली ही गोष्ट मुसलमान मलय गावांनी कित्येक पिढ्या स्वतःची म्हणून सांगितली आहे.

या गोष्टीचे दोन भाग करतात: चरिता पोकोक आणि चरिता रांतिंग. पोकोक म्हणजे खोड, रांतिंग म्हणजे डहाळी. खोडात मूळ रामकथा. डहाळ्यांत तीच पात्रं घेऊन रचलेले नवे प्रसंग: सेरी रामाच्या मुलांची लग्नं, हरवलेल्या राजकन्या, राक्षसांची भांडणं, काय वाट्टेल ते. प्रत्यक्षात बहुतेक रात्री डहाळ्याच चालायच्या. आज कुणी नवं नाटक बसवलं की ‘परंपरा मोडली’ अशी ओरड होते, ती या वाटणीचा विसर पडल्यामुळे. नवी गोष्ट ही परंपरेचीच सोय आहे. मोडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

खेळाचा खरा धनी मात्र राम नाही. तो आहे पाक दोगोल हा विदूषक: काळा, ढेरपोट्या, कुरूप. मानतात असं, की तो मुळात सांग यांग तुंगाल हा आदिदेव, माणसाच्या रूपात खाली आलेला. एकटं करमेना म्हणून त्यानं अंगाचा मळ काढून त्यातून जोडीदार घडवला, तो वाक लोंग. (पार्वतीच्या मळाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.) पाक दोगोलची बाहुली कुठल्याही कातड्याची चालत नाही. वीज पडून किंवा वाघानं मारलेल्या गाईचं कातडं हवं, अशी जुनी समजूत आहे. ही बाहुली पेटीतल्या बाकीच्या बाहुल्यांसारखी हाताळत नाहीत.

ताटाचं काम

खेळ करणारा तो दालांग, आदरानं तोक दालांग. पडद्यामागे हा एकटा बसतो, सगळ्या बाहुल्या हाच नाचवतो, सगळे आवाज हाच काढतो आणि वादकांनाही हाच हाकतो. पहिल्या रात्री बुका पांगगुंग होतं, म्हणजे रंगमंच उघडण्याचा विधी. ऊद पेटवतात, वाद्यं आणि मुख्य बाहुल्या धुरावरून फिरवतात, दालांग मंतेरा म्हणतो. शब्द आपलाच, मंत्र. त्यात देवही येतात, जिनही आणि अल्लाचं नावही. थोडक्यात सांगणं असं: आम्ही इथे खेळ करणार आहोत, तुमचा वाटा तुम्ही घ्या, आमच्या माणसांना त्रास देऊ नका.

मग वादक एकटेच वाजवतात. नंतर पडद्यावर येतो पोहोन बरिंगिन, वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडाची पानाच्या आकाराची मोठी बाहुली. तो थरथरतो, फिरतो, बाजूला होतो. मग महारिसी, म्हणजे महर्षी. मग दोन देवा पानाह, धनुर्धारी देव, एकमेकांवर बाण सोडतात. या सुरुवातीच्या भागाला दालांग मुडा म्हणतात, ‘तरुण दालांग’, कारण तो बहुधा शिकाऊ मुलाच्या हाती देतात.

विधी म्हणून पाहिलं तर ही पूजा. व्यवहार म्हणून पाहिलं तर हाच शिकवणीचा वर्ग. शिकाऊ मुलाला रोज रात्री, खऱ्या पडद्यावर, खऱ्या प्रेक्षकांसमोर अर्धा-पाऊण तास मिळतो. मजकूर ठरलेला, त्यामुळे फारसं बिघडत नाही. तोवर गाव जेवून येतं, पोरं पुढे सरकतात, वाद्यं तापतात. वेळ वाचवायला हा भाग कापला की पुढची पिढी कुठे शिकणार, हा प्रश्न कुणाच्या ध्यानातही येत नाही. दहा वर्षांनी कळतं, की मुख्य दालांग म्हातारा झाला आहे आणि त्याच्यामागे बसलेलं कुणी नाही.

त्याहून मोठा विधी बर्जामू, म्हणजे अदृश्यांना जेवू घालणं. त्याला जोडूनच सम्बाह गुरू, गुरुवंदना. शिष्य तयार झाला की त्याला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालतात, त्याला पेलिमाऊ म्हणतात. त्यानंतर तो स्वतःच्या नावानं खेळ लावू शकतो. याला परवाना म्हणायला हरकत नाही: कुणाकडून शिकला, कोणी हात दिला, हे गावासमोर नोंदलं जातं. आणखी एक कल्पना आहे आंगिनची. शब्दाचा अर्थ वारा. माणसात उपजत एक वारं असतं, नाचाचं, गाण्याचं, बाहुल्यांचं. ते कोंडलं की माणूस आजारी पडतो, मोकळं केलं की बरा होतो, असं मानतात. म्हणजे खेळ हा दालांगसाठी नुसता धंदा नव्हता, औषध होतं.

१९९० मध्ये केलांतानमध्ये पास हा इस्लामी पक्ष सत्तेवर आला. पुढच्या वर्षांत वायांग, माक योंग हे नाट्यनृत्य आणि उपचाराचे विधी यांवर बंधनं आली. १९९८ च्या करमणूक कायद्यानं ती पक्की झाली. आक्षेप दोन गोष्टींवर होता: रामायणाच्या गोष्टी आणि आत्म्यांना केलेलं आवाहन. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांस्कृतिक हक्कांच्या प्रतिनिधी करीमा बेन्नून यांनी मलेशियाला भेट देऊन ही बंधनं उठवायला सांगितलं. २०१९ मध्ये माक योंगला अटींसह मोकळीक मिळाली. वायांग या काळात पूर्ण बंद नव्हता. अटी पाळून, विधी वगळून, पाहुण्यांपुरता तो चालू राहिला. पण सगळं खापर बंदीवर फोडणंही बरोबर नाही. टीव्ही घरोघर आला, रात्र-रात्र जागणारी गावं कमी झाली, पोरं क्वालालंपूरला गेली. सीमेपलीकडे दक्षिण थायलंडमधल्या नांग तालुंग या सख्ख्या भावानं गिटार आणि कीबोर्ड घेऊन तग धरला, हे तुलनेला उपयोगी पडतं.

बाहुली बनवताना

आता हातात येणारी वस्तू. गाईचं कातडं सर्वांत बरं, बकरीचंही चालतं. कातडं भिजवून चौकटीवर चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणतात, उन्हात सुकवतात आणि केस, चरबी, मांसाचा पापुद्रा खरवडून काढतात. चपलेसाठी कमावतात तसं ते कमावत नाहीत. कमावलेलं कातडं मऊ होतं, गडद होतं, त्यातून उजेड जात नाही. इथे हवं ते कच्चं, कडक, कागदासारखं पातळ आणि मधाच्या रंगाचं. खरवडताना जाडी कमी-जास्त राहिली तर पुढे दोन त्रास होतात. जाड भाग पडद्यावर काळा डाग दिसतो, आणि दमट हवेत जाड व पातळ भाग वेगवेगळे फुगून बाहुली पन्हळीसारखी वळते. ईशान्य मोसमी पावसात, नोव्हेंबर ते जानेवारीत, हे हमखास घडतं.

मग आकृती उतरवायची, लाकडी ठोकळ्यावर छिन्नी-मोगरीनं नक्षी पाडायची आणि बाहेरची कड कापायची. छिन्न्या वेगवेगळ्या तोंडाच्या: अर्धचंद्र, सरळ, बारीक गोल. आतली नक्षी आधी आणि बाहेरची कड शेवटी असं केलं तर काम सोपं जातं, कारण कापलेली बाहुली ठोक्याखाली सरकते. दोन छिद्रांमध्ये किमान छिद्राएवढी जागा सोडावी. हौशी माणूस मुकुट नाजूक करायच्या नादात जाळी फार बारीक करतो आणि मुकुटाचं टोक पाचव्या खेळाला तुटतं.

रंग पारदर्शक हवा. पूर्वी वनस्पतींचे असत, आता शाई किंवा मार्कर. भिंतीला लावतात तसला दाट रंग दिला तर हातात बाहुली सुंदर दिसते आणि पडद्यावर नुसती काळी. शेवटी बांबूची काठी मधोमध चिरून बाहुली त्या फटीत धरतात आणि दोऱ्यानं बांधतात. राजघराण्यातल्या पात्रांचा सहसा एकच हात हलतो. सांध्याला दोऱ्याची गाठ असते. गाठ घट्ट झाली तर हात वर अडकतो, सैल झाली तर लोंबतो. नमस्काराला हात उचलून सोडला की आपल्या वजनानं परत खाली आला पाहिजे, ही साधी परीक्षा. सेरी रामासारख्या मोठ्या पात्रांच्या पायाखाली नागाच्या आकाराची बैठक असते, डोक्यावर उंच टोकदार मुकुट. तो थाई वळणाचा आहे, ‘सियाम’ हे जुनं नाव उगाच नव्हतं.

पडद्याला केलिर म्हणतात. त्याच्या पायथ्याशी केळीचे खुंट आडवे ठेवतात. बाहुलीची काठी त्यात खुपसली की ती उभी राहते. थर्मोकोल वापरून पाहणारे पाहतात. त्यातलं भोक प्रत्येक वेळी मोठं होतं आणि तिसऱ्या दिवशी महाराजा वाना भर दरबारात आडवा होतो. केळीचा खुंट ओला असतो, काठीला धरून ठेवतो, आणि रोज नवा मिळतो.

दिव्याचा हिशोब

नव्या खेळांत सर्वांत जास्त चूक दिव्यात होते, म्हणून जरा थांबू. समजा दिवा पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे. बाहुली पडद्याला टेकली की सावली तिच्याएवढीच. ती पडद्यापासून ३० सेंटिमीटर मागे घेतली तर सावली दुप्पट, ४० घेतली तर तिप्पट. राक्षस असा ‘वाढतो’. पण मागे घेताना कडाही पसरतात, आणि किती पसरतात ते दिव्याच्या रुंदीवर ठरतं. २ सेंटिमीटरची ज्योत असेल तर ३० सेंटिमीटरवर कड २ सेंटिमीटर पुसट होते: धूसर, पण ओळखू येते. त्याच जागी १५ सेंटिमीटर रुंदीचं एलईडी पॅनेल लावलं तर कड १५ सेंटिमीटर पुसट. म्हणजे अख्खा चेहरा गेला. पडद्याला टेकवून ठेवली तर पॅनेलखालीही बाहुली स्वच्छ दिसते, त्यामुळे तालमीत चूक लक्षात येत नाही आणि प्रयोगात बाहुली मागे घेतली की घोटाळा होतो. उपाय सोपा: उघडा, लहान, एकच दिवा. सुटे सुटे दाणे असलेला एलईडी नको, त्यात एका बाहुलीच्या दहा सावल्या पडतात. जुनी तेलाची ज्योत थरथरायची आणि स्थिर बाहुलीही श्वास घेतल्यासारखी दिसायची. बल्ब दोरीला टांगून हलका झोका दिला की त्यातलं थोडं परत मिळतं.

पेटीतली बाहुली परत उठवताना

संग्रहालयांत आणि जुन्या घरांत मलय बाहुल्या पडून आहेत, विशेषतः वायांग मलायूच्या. नावं गेली, हातकाठ्या हरवल्या, गोष्ट सांगणारा उरला नाही. अशा वेळी मूळ बाहुली नाचवायची नसते. जुनं कच्चं कातडं ठिसूळ झालेलं असतं. वळलेली बाहुली सरळ करायला ओलं फडकं फिरवलं तर ती आक्रसते आणि रंग सुटतो. शिवाय जुन्या संग्रहांत कीड लागू नये म्हणून आर्सेनिकसारखी विषं फवारायची पद्धत होती, त्यामुळे हातमोजे हवेतच. बाहुली उजेडाच्या टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो घ्यायचा, एक समोरून प्रकाश टाकून आणि एक मागून. मागून घेतलेल्यात छिद्रांची खरी नक्षी, जुनी दुरुस्ती आणि रंगाचा खालचा थर दिसतो. त्यावरून प्रत बनवायची. आधी पुठ्ठ्याची, तोल आणि सांधे तपासायला, मगच कातड्याची. ओळख पटवायला मुकुट, पायाखालची बैठक, चेहऱ्याचा रंग आणि हलणारे हात किती, या चार खुणा बघायच्या.

इथे विधीचा प्रश्न पुन्हा येतो. दालांगच्या दृष्टीनं बाहुलीला समांगात असतं, जीव म्हणा, सत्त्व म्हणा. बऱ्याच काळानं पेटी उघडायची तर ऊद लावून, परवानगी मागून उघडतात. संशोधक याकडे सौजन्य म्हणून बघतो आणि बाजूला उभा राहतो. पण त्या वेळी म्हातारा दालांग बाहुलीचं नाव घेतो, तिच्या आधी कोण येतं, नंतर कोण, तिच्यासाठी वाजते ती चाल कुठली, हे मंतेराच्या ओघात येऊन जातं. मुलाखतीत हेच विचारलं तर आठवत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण त्या क्षणी सुरू हवं, नंतर चहा घेताना नव्हे. अर्थात आधी विचारून. काही मंतेरा फक्त शिष्यासाठी असतात.

नवे खेळ

२०१२ च्या सुमारास तिंतॉय चुओ हा पात्ररचनाकार आणि तेह ताके हुआत हा कलादिग्दर्शक या दोघांनी स्टार वॉर्सची पात्रं केलांतानी बाहुल्यांत उतरवायला घेतली. खेळाचं नाव ‘पेपेरांगान बिंतांग’, ताऱ्यांचं युद्ध. डार्थ वेडर झाला सांगकाला वेदेह, ल्यूक स्कायवॉकर झाला पेरांताऊ लांगित, आकाशातला भटक्या. ऐकायला पोरखेळ वाटतो. तो टिकला याचं कारण त्यांनी केलांतानच्या मुहम्मद दाइन उस्मान या तोक दालांगला गाठलं. पाक दाइननं बाहुल्यांची मापं, बैठक, हाताचा सांधा, बोलण्याची लय तपासली. परिणामी वेदेह मुखवट्यानिशी ओळखू येतो, पण उभा राहतो, वळतो आणि धमकावतो तो महाराजा वानासारखा. डहाळी नवी, झाड तेच. एडिन खू यांनी वेगळा रस्ता धरला. ते दोल्लाह बाजू मेराह (म्हणजे लाल शर्टवाला दोल्लाह) या नामांकित दालांगकडे स्वतः शिकले आणि २००२ मध्ये पुसाका ही संस्था काढली. त्यांचा भर नव्या गोष्टींपेक्षा गावातल्या मंडळींना विधीसकट, त्यांच्याच मांडवात उभं करण्यावर. एयो हॉक सेंग हा चिनी वंशाचा तोक दालांगही याच मातीतला, म्हणजे कला जातीधर्माच्या खुंट्याला बांधलेली नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या, आज आस्वारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय कला अकादमीतही वायांग शिकवतात.

दोन्ही रस्त्यांना खड्डे आहेत. शहरात प्रयोग अर्ध्या-पाऊण तासाचा लागतो. तेव्हा आधी विदूषकांचे विनोद कापतात, कारण ते केलांतानी बोलीत असतात आणि क्वालालंपूरच्या श्रोत्याला कळत नाहीत. उरतो तो नुसता कथासार. पाक दोगोल-वाक लोंग महागाईवर, आमदारावर, समोर बसलेल्या बाप्यावर बोलायचे, आणि त्यासाठीच लोक जागायचे. बोली कळत नसेल तर विनोद शहराच्या भाषेत नव्यानं घडवावा, गाळू नये. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांवर रामायण करतात. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे एक खेळ पाहून आलं की केलांतानचं हे दुखणं दुरून समजून घ्यावं लागत नाही.

शेवटी वाद्यं, आणि खरी अडचण इथेच आहे. ताफा साधारण असा: सुनाई, गेदुम्बाक, गेदुक आणि गेंदांग हे ‘आई-मूल’ अशा मोठ्या-लहान जोडीनं वाजणारे ढोल, चानांग ही दोन लहान घंटांची पेटी, केसी म्हणजे झांजा, आणि तेतावाक या दोन टांगलेल्या मोठ्या घंटा. तेतावाक आठ, सोळा किंवा बत्तीस मात्रांचं आवर्तन मोजून देतात. आपण सम धरतो तीच जागा. ढोल शिकवता येतात, झांजा महिनाभरात येतात. सुनाई येत नाही. नावावरून कळेल, आपल्या सनईचीच ही नातलग. ताडाच्या पानाची चार पदरी पत्ती, आणि श्वास न तोडता तासन् तास फुंकायचं: गाल फुगवून साठवलेली हवा सोडत नाकानं नवी घ्यायची. एक दालांग पाच गावांना पुरेल, सुनाईवाला मिळाला नाही तर खेळच लागत नाही. म्हणून मंडळी मुद्रित सुनाई लावतात. मग वाक लोंगचा विनोद रंगला, लोक हसताहेत, दालांगला अजून चार वाक्यं टाकायची आहेत, आणि ध्वनिफीत ठरलेल्या सेकंदाला लढाईच्या चालीवर जाते. खरा सुनाईवाला अशा वेळी तीच ओळ फिरवत बसतो, दालांगच्या पाठीकडे बघत, त्यानं पुढची चाल मागेपर्यंत.